पहिली एअर रायफल घेण्याआधी: इंदूरच्या नवशिक्या नेमबाजासाठी साहित्याची निवड

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका ०.५ मिमीचा असतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. छर्रा मात्र ४.५ मिमीचा. छर्ऱ्याची कड ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा मिळतात, म्हणून छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडला की काम झालं. त्यापुढचा हिशेब दशांशाचा: दर ०.१ गुणामागे ०.२५ मिमी, आणि कमाल १०.९. साहित्य घेताना हाच आकडा डोक्यात ठेवायचा. दुकानात समोर ठेवलेली वस्तू हे अडीच मिमी वाचवणार आहे का, एवढं एकच विचारायचं. बहुतेक पालक याच्या उलट करतात. पोराने दोनदा रेंजवर गोळीबार केला की तिसऱ्या आठवड्यात रायफल घरी येते, आणि जॅकेट, बूट, छर्रे या गोष्टी मागून कशाबशा जमवल्या जातात.

काडतुसं घरी भरायच्या छंदाबद्दल आधीच बोलून घेऊ, कारण परदेशी व्हिडिओ पाहून प्रेस, डाय, दारूचा काटा या काडतुसं भरायच्या अवजारांची चौकशी करणारे अनेक जण भेटतात. अमेरिकेत हा छंद घरच्या टेबलावर चालतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, तेव्हा घरचं टेबल बाद. शिवाय स्मॉलबोअर, म्हणजे बारीक नळीच्या, नेमबाजीतली पॉइंट २२ ची काडतुसं रिमफायर असतात, त्यांचं स्फोटक कडेच्या पोकळीतच भरलेलं असतं, त्यामुळे ती पुन्हा भरायची सोय नसतेच. पण त्या छंदातला खरा गाभा, म्हणजे आपल्या नळीला नेमका कोणता दारूगोळा मानवतो हे शोधणं, एअर रायफलमध्ये पूर्णपणे उपलब्ध आहे. ते काम छर्ऱ्यांच्या निवडीत करायचं असतं. त्यावर पुढे सविस्तर.

कायद्याची बाजू सोपी आहे. ४.५ मिमी म्हणजे पॉइंट १७७ बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेऊन नोंद ठेवतो. स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या खूप आत बसते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने निघाला तर ऊर्जा होते साधारण ८ ज्यूल. 'जास्त ताकदीची घ्या, लांब जाते' असं कुणी सांगितलं तर तो माणूस नेमबाजीबद्दल बोलत नाही, कबुतरांबद्दल बोलतो आहे. मूळ बिल, ओळखपत्राची प्रत आणि रायफलचा क्रमांक लिहिलेला कागद पेटीतच ठेवा. रेल्वेने किंवा बसने स्पर्धेला जाताना तोच कामाला येतो.

आधी रेंज, मग बाजार

महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट आणि सीमा सुरक्षा दलाची रेवती रेंज ही नावं इंदूरकराला ठाऊक असतात, पण ती जवानांची ठिकाणं. नवशिक्याने जायचं ते क्लबच्या दहा मीटर रेंजवर. पहिले दोन-तीन महिने क्लबची रायफल वापरा. या काळात शरीराची ठेवण पक्की होते, उजव्या डोळ्याने नेम घ्यायचा की डाव्या हे ठरतं, आणि मुख्य म्हणजे आवड टिकते की नाही ते कळतं.

डोळ्याची चाचणी घरीच करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे लहानसं भोक करा, त्यातून दाराची कडी पाहा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना कडी भोकातच राहते तो प्रमुख डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा प्रमुख डोळा डावा निघाला तर प्रशिक्षकाला आधीच सांगा. डावखुरा स्टॉक (रायफलचा धरायचा, खांद्याला टेकवायचा भाग) घ्यायचा की डोळ्यावर पट्टी लावून भागवायचं, हा निर्णय पैसे खर्च होण्याआधी झाला पाहिजे. डावखुऱ्या रायफलला नंतर गिऱ्हाईकही पटकन मिळत नाही.

जिल्हा आणि शाळांच्या स्पर्धांत 'ओपन साइट' आणि 'पीप साइट' असे वेगळे गट दिसतात. साइट म्हणजे नेम धरायचं साधन: ओपनमध्ये मागे उघडी खाच असते, पीपमध्ये बारीक भोक. ओपन साइटची साधी रायफल स्वस्त पडते, म्हणून तिथून सुरुवात करण्याचा मोह होतो. राष्ट्रीय पातळीचा रस्ता पीप साइटने जातो. वाटेत मावळणकर स्पर्धा लागते. ती ज्यांच्या नावाने आहे ते गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, जन्माने बडोद्याचे. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया या देशाच्या नेमबाजी संघटनेची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली. पुढे जायचा विचार असेल तर पैसे पीप साइटसाठी राखून ठेवा.

अंगाला लागणारं साहित्य

पहिली खरेदी हातमोजा. डाव्या हातावर, म्हणजे ज्यावर रायफल टेकते त्या हातावर, तो घालायचा. स्पर्धेच्या नियमाने तळवा आणि पाठ मिळून त्याची जाडी १२ मिमीपेक्षा जास्त चालत नाही, आणि मनगटापासून कोपराकडे तो ५० मिमीहून जास्त जाता कामा नये. घेताना मूठ वळून पाहा. उभ्याने गोळीबार करताना बरेच जण मुठीवर रायफल ठेवतात. हातमोजा तळव्यात गोळा होत असेल तर रायफल दर वेळी वेगळ्या जागी टेकेल. अर्धा नंबर घट्ट घ्या, चामडं सैल पडतंच.

दुसरी खरेदी बूट. सपाट तळ, घोट्याच्या वर जाणारी बाजू, आणि पुढे रुंद. नियमाने तळाची जाडी जास्तीत जास्त १० मिमी आणि वरच्या भागाची ४ मिमी. तळ वाकला पाहिजे. रेंजवर टाच-चवडा टेकवत साधं चालून दाखवावं लागतं. बदकासारखं चालणाऱ्यांवर पंचांची नजर पडते. रस्त्यावर हे बूट कधीच घालू नका. तळाची कड एकदा झिजली की उभं राहताना अंग पुढेमागे डोलायला लागतं, आणि तो दोष नेमबाज महिनाभर रायफलमध्ये शोधत बसतो. जुने बूट घेत असाल तर काचेच्या टेबलावर ठेवून दाबा. एखादा कोपरा वर राहिला तर परत द्या.

मग जॅकेट, आणि इथे घाई नको. जॅकेट शिवून घेणं सगळ्यात चांगलं. छाती, पोट, खांदा, बाही, मानेपासून कमरेपर्यंतची लांबी ही मापं आत घालायच्या कपड्यांसकट घ्यायची. कापड एकेरी ठिकाणी २.५ मिमीपेक्षा जाड नको. बटणं लावल्यावर ते अंगावर सैल बसलं पाहिजे: नेहमीच्या बंद जागेपासून आणखी ७० मिमी ओढता आलं पाहिजे अशी तपासणी होते. नवशिक्याला घट्ट जॅकेट 'पकड देतं' असं वाटतं, आणि शिंपीही तसंच शिवून देतात. मग पहिल्याच मोठ्या स्पर्धेत साहित्य तपासणीच्या टेबलावर ते नापास होतं. कडकपणाचीही चाचणी असते: ६० मिमीच्या वर्तुळावर ताणलेलं कापड एका किलोच्या वजनाखाली किमान ३ मिमी दबलं पाहिजे. दबत नसेल तर घरी हाताने चोळून, गुंडाळून मऊ करतात, पण अगदी कडक कॅनव्हास हवेतली आर्द्रता गेली की पुन्हा ताठ होतो. म्हणून मर्यादेच्या काठावरचं घेऊ नका, थोडं मऊच घ्या.

चौदा वर्षांच्या मुलाला वाढत्या अंगाचं म्हणून दोन नंबर मोठं जॅकेट घेणं हे शाळेच्या गणवेशात चालतं. इथे नाही, कारण पाठीचा आधार चुकीच्या मणक्यावर येतो. बटणं सरकवून भागेल इतकीच वाढ धरा आणि दीड-दोन वर्षांनी विकून टाका; क्लबमध्ये मागणी असतेच. नेमबाजीची विजार मात्र पहिल्या वर्षी नसली तरी चालते. पैसे कमी असतील तर विजार मागे ठेवा, बूट नको.

चष्मा असलेल्यांनी एक गोष्ट नक्की करावी. नेम घेताना मान झुकते आणि नजर काचेच्या मध्यातून न जाता कोपऱ्यातून जाते; तिथे नंबर बदलल्यासारखा होतो आणि काळं वर्तुळ अंडाकृती दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना रायफल धरल्यासारखं उभं राहून दाखवा आणि काच त्या रेषेत बसेल अशी फ्रेम मागा.

ज्या डोळ्याने नेम घ्यायचा नाही त्याच्यासाठी पट्टी लागते. ती विकत घ्यायची काहीच गरज नाही. टोपीच्या पुढच्या कडेला ३० मिमी रुंदीची पांढरट, अर्धपारदर्शक प्लास्टिकची पट्टी क्लिपने लावा. काळी लावू नका. एका डोळ्यापुढे अंधार झाला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि नेमाच्या डोळ्याला पुढची साइट धूसर दिसते.

रायफल

बाजारात तीन प्रकार समोर येतील. नळी मोडून स्प्रिंग चढवायची रायफल सगळ्यात स्वस्त. तिच्यात पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल हलते आणि छर्रा अजून नळीतच असतो. धरायची पद्धत जराशी बदलली की छर्रा वेगळीकडे जातो. शिकणाऱ्याला आपली चूक कोणती आणि रायफलची कोणती हे कळतच नाही. शिवाय ती रिकामी चालवली तर स्प्रिंग आणि सील दोन्ही खराब होतात, आणि रिकाम्या ट्रिगरचा सराव हा तर नवशिक्याचा निम्मा सराव.

दुसरा प्रकार एका झटक्यात हवा दाबून घेणारा, बाजूच्या दांड्याने. यात सिलिंडर नाही, पंप नाही, धक्का जवळजवळ नाही. फाइनवेर्कबाऊ ६०३ सारख्या जुन्या जर्मन रायफली या जातीच्या. क्लबमधल्या कुणाकडून चांगल्या अवस्थेत मिळाली तर पहिली रायफल म्हणून डोळे मिटून घ्यावी असंच आमचं मत. तोटा एकच: दांडा ओढायला ताकद लागते आणि प्रत्येक वेळी रायफल खांद्यावरून काढावी लागते. बारा वर्षांचं मूल साठ गोळ्यांत दमतं.

तिसरा प्रकार भरलेल्या हवेचा, सिलिंडरवाला. आज स्पर्धेत सगळीकडे हाच. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ, स्टायर ही नावं कानावर येतील. भारतीय बनावटीच्या रायफलीही आहेत. नवशिक्यासाठी कोणती, याचं उत्तर नावात नसून तीन गोष्टींत आहे. गालपट्टी वर-खाली होते का, बटप्लेट (स्टॉकच्या मागची, खांद्याला टेकणारी पट्टी) वर-खाली आणि मागे-पुढे होते का, आणि रेंजवर तिचे सुटे भाग बदलून देणारा कुणी आहे का. महागड्या ॲल्युमिनियम स्टॉकचे बारा स्क्रू पहिल्या वर्षी उपयोगाचे नसतात. मुलं ते रोज फिरवत बसतात आणि कालची ठेवण आज सापडत नाही. वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे, तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. किशोरवयीन मुलाला चार-साडेचार किलो पुष्कळ. जड रायफलीने कंबर मागे वाकते, आणि ही सवय पुढे पाठीला महाग पडते.

मापात बसवायची पद्धत अशी. आधी रायफलशिवाय टार्गेटला बाजू करून उभे राहा, पाय खांद्याएवढे दूर. डोळे मिटून रायफल आणा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. मागच्या साइटच्या भोकातून पुढची साइट मध्यात दिसली पाहिजे. वर दिसली तर गालपट्टी, खाली-बाजूला मान ताणावी लागली तर बटप्लेट बदला. मान कधीही साइटकडे न्यायची नाही. साइट मानेपर्यंत आणायची. डोळा मागच्या साइटपासून साधारण ५ ते १० सेमीवर ठेवा. ट्रिगरचा भार रायफलमध्ये नियमाने बांधलेला नाही, तरी सुरुवातीला दोन टप्प्यांचा आणि १०० ग्रॅमच्या आसपास ठेवा. ४० ग्रॅमचा ट्रिगर नवशिक्याच्या हातून न ठरवताच सुटतो.

पुढच्या साइटमधल्या गोल कड्याबद्दल, ज्यात टार्गेटचा काळा भाग बसवायचा असतो, जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची चूक होते. तो लहान कडं मागतो, 'नेम जास्त नेमका होईल' म्हणून. हिशेब करून पाहा. टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमी, अंतर १० मीटर, पुढची साइट डोळ्यापासून सुमारे ९० सेमी. तिथे काळा भाग दिसतो साधारण २.७ मिमीचा. कडं ३ मिमीचं लावलं तर पांढरी फट इतकी बारीक राहते की जरा हललं की काळ्याला काळं चिकटतं, डोळा ताणला जातो, गोळी रोखली जाते आणि दहा सेकंदांनी थकलेल्या हाताने सुटते. ४.० किंवा ४.२ मिमीने सुरू करा. सहा महिन्यांनी ३.८ पाहा.

जुनी सिलिंडरवाली रायफल घेताना पहिली नजर सिलिंडरवर कोरलेल्या तारखेवर टाका. बनवल्यापासून दहा वर्षं उलटलेला सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेत चालत नाही, आणि त्याची जबाबदारी नेमबाजाचीच. रायफल स्वस्त का मिळते आहे हे बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. मग दाबाचा काटा पाहून ठेवा आणि एक दिवस तशीच राहू द्या. काटा उतरला तर सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. ओ-रिंग, म्हणजे सांध्यातलं रबरी कडं, बदलणं स्वस्त काम आहे, झिजलेला व्हॉल्व्ह नाही. शेवटी रिकामी रायफल चढवून बटवर हलकेच थाप मारा. ट्रिगर सुटला तर घेऊ नका.

हवा

हातपंपाने २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरता येतं, पण शेवटच्या पन्नास बारांत मोठ्या माणसालाही दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं. चार-पाच मिनिटं पंप मारला की थांबा, तो गार होऊ द्या, आणि खालचा स्क्रू उघडून पाणी काढा. जून ते सप्टेंबर इंदूरच्या हवेत ओल असते. ती दाबाखाली पाणी होऊन सिलिंडरमध्ये बसते आणि आतून गंज धरते. क्लबमध्ये कोरड्या हवेचा मोठा सिलिंडर असेल तर तिथूनच भरा. सावकाश भरा, कारण घाईत भरलेली हवा गरम असते आणि गार झाल्यावर काटा दहा-पंधरा बारांनी उतरतो.

ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. वेल्डिंगवाल्याकडे किंवा दवाखान्याच्या पुरवठादाराकडे 'सिलिंडर तर सारखाच दिसतो' म्हणून जाणारे असतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि सांध्यातलं थोडंसं ग्रीस यांचा स्फोट होतो. त्याच कारणाने ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस लावा, शिवणयंत्राचं तेल नको. आणि मे महिन्यात रायफल गाडीच्या डिकीत ठेवू नका: २५ अंशांना २०० बार असलेली हवा ६० अंशांना २२३ बारांवर जाते.

छर्रे

आता मुख्य खर्च. आठवड्यातून तीन दिवस सराव, दर दिवशी साठ गोळ्या आणि वीस साइटिंगच्या, म्हणजे आधी नेम जुळवायच्या, म्हणजे आठवड्याला २४० छर्रे. पाचशेचा डबा दोन आठवड्यांत संपतो आणि वर्षाला पंचवीस डबे लागतात. रायफल एकदाच घ्यायची असते, हे दर पंधरवड्याला. वर्षाचं अंदाजपत्रक करताना आधी हे पंचवीस डबे बाजूला काढा, उरेल त्यात रायफल बसवा.

स्पर्धेचा छर्रा डमरूसारखा असतो, पुढे सपाट डोकं, मधे कंबर, मागे पोकळ घेर. सपाट डोक्याने कागदावर गोल, स्वच्छ भोक पडतं. टोकदार किंवा गोल डोक्याचे छर्रे कागद फाडतात आणि गुण मोजताना भांडण होतं. रायफलसाठी वजन साधारण ०.५३ ग्रॅम, पिस्तुलासाठी हलके, ०.४५ ते ०.४९. आरडब्ल्यूएस आर-१० आणि एच अँड एन फिनाले मॅच या नेहमीच्या दोन जाती. डब्यावर डोक्याचा व्यासही छापलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असा. शतांश मिमीचा हा फरक डोळ्याला दिसत नाही, नळीला कळतो. शेजारच्या नेमबाजाला ४.५० मानवतो म्हणून तुमच्या नळीला मानवेलच असं काही नाही, दोन्ही रायफली एकाच कारखान्यातून एका आठवड्यात निघाल्या असल्या तरी.

चाचणी अशी करा. पाच-सहा जातींचे थोडेथोडे छर्रे क्लबमध्ये वाटून घ्या, अख्खे डबे घेऊ नका. रायफल शिकंज्यात रबर लावून बसवा; शिकंजा नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, पिशव्या स्टॉकखाली, नळीखाली कधीच नाही. प्रत्येक नव्या जातीआधी दहा गोळ्या नुसत्या सोडा, कारण आधीच्या छर्ऱ्याचं शिसं नळीत राहिलेलं असतं. मग एका कागदावर दहा गोळ्या, आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा दहा. व्हर्नियरने भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. हे झालं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. सगळ्या गोळ्या दहात बसण्यासाठी हे अंतर ५ मिमीच्या आत हवं, म्हणजे बाहेरून ९.५. पण तेवढ्यात सगळी जागा रायफलच खाऊन टाकते, नेमबाजाला काही उरत नाही. चांगली स्पर्धेची रायफल योग्य छर्ऱ्याने बाहेरून साडेसहाच्या आत बसते. आठच्या वर गेली तर छर्रा बदला, पाचही जातींत गेली तर नळी साफ करून पुन्हा पाहा.

नऊ गोळ्या एका भोकात आणि दहावी बाहेर, असं दोन्ही कागदांवर झालं तर बहुधा वाकलेल्या घेराचा छर्रा आहे. पांढऱ्या ताटात छर्रे पसरा, घेर चेपलेले वेगळे काढा. ते साइटिंगलासुद्धा वापरू नका, रिकाम्या डब्यात भंगाराला टाका. डबा पडला की वरचा थर असा होतोच. म्हणून डबा कधी उलटा करून ओतायचा नाही.

वजन करून छर्रे निवडावेत का? सराफ्यातल्या सोनारांकडे असतो तसा हजारांश ग्रॅमचा काटा घेऊन बसणारे आहेत. शतांशाचा काटा तर निरुपयोगीच, कारण चांगल्या डब्यातला फरकच शतांशाच्या आसपास असतो. पुन्हा हिशेब: सेकंदाला १७० मीटर वेगाने दहा मीटर जायला सुमारे ०.०५९ सेकंद लागतात, तेवढ्यात छर्रा १७ मिमी खाली पडतो. वेगात एक टक्क्याचा फरक आला तर पडण्यात दोन टक्के, म्हणजे ०.३४ मिमी. हा फरक दशांशाच्या दीड पायरीएवढाही नाही. ज्याच्या गोळ्या अजून आठ-नऊत फिरताहेत त्याने काट्याचे पैसे दोन डब्यांत घालावेत.

जात ठरली की डब्याच्या तळाचा बॅच क्रमांक लिहून घ्या आणि जमतील तेवढे त्याच बॅचचे डबे एकदम उचला. नवा बॅच आला की चाचणी पुन्हा.

नळी दर पाचशे गोळ्यांनी साफ करा. मागच्या बाजूने फेल्टचे दोन-तीन कोरडे बोळे सोडा, काळे निघायचे थांबेपर्यंत. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र बोळे गोळीसारखे सोडू नका, त्यांना पुरेसा अडथळा नसतो आणि पिस्टन आपटतो. तिथे दोरीने ओढा. लोखंडी सळई पुढून घालणाऱ्याने तोंडाची कड खरवडली की ती रायफल पुन्हा पूर्वीसारखी मारत नाही.

घरची रेंज

रामबागेतल्या जुन्या घरांच्या लांब ओसऱ्या यासाठी नामी. गोळीबाराच्या रेषेपासून टार्गेटपर्यंत १० मीटर आणि मागे उभं राहायला दीड मीटर, म्हणजे साडेअकरा मीटर लागतात. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर, ५ सेमी इकडेतिकडे चालेल. टार्गेटवर उजेड १५०० लक्सच्या आसपास हवा. मोबाइलमधल्या ॲपने ढोबळ अंदाज येतो. दिवा टार्गेटकडे वळवा, नेमबाजाच्या डोळ्यांत नको.

छर्रे अडवायला लोहामंडीतून ३ मिमीचा लोखंडी पत्रा घेऊन तो पेटीत ४५ अंशांत, खाली झुकलेला बसवा. तळाशी वाळू किंवा जुन्या कपड्यांचा थर. सरळ उभा पत्रा छर्ऱ्याचे तुकडे तुमच्याकडे परत पाठवतो. पेटीच्या मागे १८ मिमीचं, चार बाय तीन फुटांचं प्लायवूड आणि त्यावर जुनी सतरंजी टांगा, कारण पहिल्या महिन्यात पेटीच चुकते. टार्गेटच्या बाजूला किंवा मागे दार असेल तर ते बाहेरून कुणी उघडू शकणार नाही अशी आतून कडी लावा. गच्चीवर गोळीबार नको, कठडा कितीही उंच असला तरी. आणि रायफल हातातून खाली ठेवली की भडक रंगाची सेफ्टी दोरी नळीत, पूर्ण लांबीची. स्पर्धेत ती नसेल तर ताकीद मिळते, घरी ती सवय अधिक गरजेची.

छर्रे शिशाचे असतात हे विसरलं जातं. तोंडात धरायचे नाहीत, खिशात सुटे ठेवायचे नाहीत. सराव चालू असताना शेव-चिवड्याची वाटी शेजारी नको. इंदुरात हे सांगणं अवघड, पण नकोच. झाल्यावर साबणाने हात धुवा, पेटीखालची जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. साचलेलं शिसं डब्यात भरून भंगारवाल्याला द्या, कचरागाडीत नको.

पावसाळ्यात जॅकेट कपाटात दाबून ठेवलं तर आठ दिवसांत बुरशी धरते. रुंद हँगरवर, पंख्याखाली, बटणं उघडी ठेवून टांगा. उन्हात वाळवलं तर चामडं आखडतं आणि कडकपणाच्या चाचणीत तेच जॅकेट अडकतं. रायफलच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पेटीचा फोम ओला लागला तर रायफल रात्रभर बाहेर, कुलूपबंद कपाटात उघडी ठेवा.